किनाऱ्यावरून स्ट्राइप्ड बास: पहिल्या हंगामासाठी रॉड, रील आणि पाच ल्युअर

मार्च संपत आला की न्यू जर्सीत रॅरिटन बेच्या काठावर रॉड दिसू लागतात. ज्या माशासाठी माणसं थंडीत उभी राहतात तो स्ट्राइप्ड बास, बोलण्यात स्ट्रायपर, आणि मेरीलँड-व्हर्जिनियाकडे रॉकफिश. चंदेरी अंग, त्यावर डोक्यापासून शेपटीकडे जाणाऱ्या सात-आठ काळसर रेघा. चेसापीक बेला मिळणाऱ्या नद्या, डेलावेअर आणि हडसन इथे वसंतात अंडी घालून हा मासा उन्हाळ्यासाठी उत्तरेला थेट मेनपर्यंत जातो आणि थंडी लागली की दक्षिणेला परततो.

कोकणातल्या खाडीत जिताडा गरवलेल्या माणसाला हा मासा लवकर कळतो. जिताडा अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे उतरतो, स्ट्रायपर उलट गोड्या पाण्यात चढतो. शिकारीची रीत मात्र दोघांची एकच: प्रवाहाच्या आडोशाला दबा धरायचा आणि वाहत आलेलं भक्ष्य तोंड उघडून आत ओढायचं. म्हणूनच ल्युअर, म्हणजे कृत्रिम आमिष, कुठल्या रंगाचं आहे यापेक्षा ते किती खोलीवर आणि किती वेगाने जातंय याला जास्त किंमत आहे. नवखा माणूस पहिल्याच दिवशी दुकानातून वीस-पंचवीस रंगीत ल्युअर उचलतो आणि लाइन मात्र स्वस्तातली घेतो. खरेदी उलट्या क्रमाने करावी: आधी रील, मग लाइन, लीडर (लाइनच्या पुढचा जाड तुकडा) आणि क्लिप, मग रॉड, आणि उरलेल्या पैशात पाच ल्युअर.

रॉड आणि रील

एकच रॉड घ्यायचा असेल तर नऊ फुटी, दोन तुकड्यांचा, मीडियम-हेवी, म्हणजे मध्यमाहून थोडा ताठ, स्पिनिंग रॉड घ्या. मुठीच्या थोडं वर रॉडवर ल्युअरच्या वजनाची मर्यादा छापलेली असते, तिथे पाऊण ते तीन औंस किंवा एक ते तीन औंस असं काहीतरी हवं. एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. छापलेल्या मर्यादेच्या मधल्या भागातच रॉड नीट चालतो. तीन औंसाच्या रॉडवर चार औंस लावून जोरात फेकलं तर टोकाकडचा भाग तुटू शकतो. अर्धा औंस लावला तर रॉड वाकतच नाही आणि ल्युअर वीस पावलांवर पडतं. फक्त खाडीत, शांत पाण्यात गरवणार असाल तर सात फुटी, अर्धा ते दीड औंसाचा रॉड हाताला हलका पडतो. अकरा-बारा फुटी रॉड लांब फेकतील या आशेने घेतले जातात, पण तासाभरात खांदे भरून येतात आणि फेक बिघडते. पहिल्या हंगामात ते नकोत.

नऊ फुटी रॉडला ५००० किंवा ६००० आकाराचं स्पिनिंग रील बसतं, सात फुटीला ४०००. रीलची खरी परीक्षा मासा घेत नाही, वाळू आणि मीठ घेतात. लाटांत उभं राहणार असाल तर पेन कंपनीच्या स्पिनफिशरसारखं, आत पाणी शिरू नये म्हणून सील केलेलं रील घ्यावं. त्याहून स्वस्त रीलवरही मासे येतात, मात्र ते एकदा लाटेत बुडालं की उघडून साफ करून घेण्याची तयारी हवी. रील वाळूवर कधीही ठेवू नका. एक कण आत गेला की हँडल फिरवताना करकर ऐकू येते, आणि ती आपोआप जात नाही.

लाइन भरणं, गाठ आणि ड्रॅग

हा भाग घाईत उरकला की पुढचं सगळं बिघडतं.

नऊ फुटी रॉडसाठी ३० पाउंडची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, ब्रेडेड (विणलेली) लाइन, साधारण ३०० यार्ड. खाडीच्या रॉडला २० पाउंड पुरते. ब्रेडेड लाइन गुळगुळीत असते, सरळ स्पूलला, म्हणजे रीलच्या लाइन गुंडाळायच्या रिळाला, बांधली तर मोठा मासा ओढायला लागल्यावर सगळी गुंडाळी स्पूलवर गोल घसरते. माणसाला वाटतं ड्रॅग, म्हणजे ठरावीक ताणानंतर लाइन सोडणारा रीलचा ब्रेक, बिघडला. म्हणून आधी दहा-पंधरा यार्ड साधी मोनो, म्हणजे एकाच धाग्याची नायलॉनची, लाइन गुंडाळा आणि तिला ब्रेडेड जोडा. गुंडाळताना लाइन ओल्या कापडातून चिमटीत घट्ट धरा. सैल गुंडाळलेली ब्रेडेड मासा ओढताना खालच्या थरात रुतते आणि पुढची फेक अर्ध्यातच अडकते. स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून थांबा. काठोकाठ भरली तर वेढेच्या वेढे एकदम सुटतात आणि हातात गुंता येतो.

ब्रेडेडच्या पुढे लीडर, म्हणजे ४० पाउंडच्या मोनो किंवा फ्लुरोकार्बनचा तीस इंचांचा तुकडा. खडक, शिंपले आणि माशाच्या गालाची धारदार झापड यांचा मार तो सोसतो. दोघांना जोडायला सुरुवातीला डबल युनी गाठ पुरेशी आहे:

१. दोन्ही टोकं एकमेकांसमोरून आणून सहा-आठ इंच शेजारीशेजारी धरा.

२. ब्रेडेडचं टोक मागे वळवून एक फास करा. ते टोक फासातून काढत दोन्ही धाग्यांभोवती आठ वेढे द्या आणि हलकेच ओढा.

३. लीडरच्या टोकाने तेच करा, पण चार वेढे. जाड लाइनला जास्त वेढे दिले तर ती नीट बसत नाही.

४. थुंकीने गाठ चांगली ओली करा. दोन्हीकडच्या मुख्य लाइन सावकाश ओढा, गाठी सरकत एकमेकींना भिडतील.

५. उरलेली टोकं कापा आणि हाताला फडकं गुंडाळून एक जोरदार हिसका द्या. तुटायची असेल तर घरीच तुटू दे.

कोरडी गाठ ओढली की घर्षणाच्या उष्णतेने मोनो पांढुरकी पडते. ती दिसली की गाठ कापून पुन्हा बांधा, तिला संधी देऊ नका. लीडर तीस इंचांचाच का, तर फेकताना ल्युअर रॉडच्या टोकापासून दोनेक फूट खाली लोंबतं आणि गाठ रॉडवरच्या, लाइन ओवायच्या कड्यांच्या बाहेर राहते. सहा फुटी लीडर लावला तर गाठ दर फेकीला कड्यांवर आपटते. लांब लीडर हवा असेल तेव्हा बारीक एफजी गाठ शिकावी, पण ती थंडीत, अंधारात बांधायची गाठ नव्हे.

लीडरच्या दुसऱ्या टोकाला ५० ते ७५ पाउंडची मजबूत क्लिप बांधा, म्हणजे ल्युअर बदलताना लीडर कापावा लागत नाही. पितळी स्विव्हल (लाइनचा पीळ सोडवणारा फिरता जोड) आणि क्लिप एकत्र असलेली स्वस्त जोडी टाळा. तिची क्लिप मोठ्या माशाच्या झटक्याने उघडते.

ड्रॅग अंदाजाने लावू नका. भारतात जाताना बॅगा तोलायचा हातकाटा इथल्या बहुतेक मराठी घरांत असतोच. लाइन कड्यांतून ओवून काट्याच्या हुकाला बांधा, रॉड थोडा वाकवून धरा आणि दुसऱ्याला काटा ओढायला सांगा. सात पाउंडच्या, म्हणजे तीन किलोच्या आसपास लाइन सुटायला लागली पाहिजे. त्याहून घट्ट असेल तर गळ ओठ फाडून निसटतो. फार सैल असेल तर मासा दमेपर्यंत खेळत राहतो आणि सोडल्यावर जगत नाही.

फेकल्यानंतर रीलची तार, म्हणजे बेल, हँडल फिरवून नव्हे तर हाताने बंद करा, आणि गुंडाळण्याआधी लाइन एकदा ताणून घ्या. वाऱ्यात ब्रेडेडला पडणाऱ्या बहुतेक गाठी या एका सवयीने थांबतात. फेकताना तर्जनीला चिकटपट्टी किंवा बोटमोजा हवा, ओली ब्रेडेड कातडी कापते.

पाच ल्युअर

पहिलं बकटेल. शिशाचं डोकं, एक गळ आणि त्याभोवती हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, एवढाच ऐवज. एकच ल्युअर न्यायची वेळ आली तर हेच न्यावं. एक औंस आणि दीड औंसाची दोन-दोन घ्या, पांढरी. गळावर चार-पाच इंचांची लवचीक प्लास्टिकची शेपटी लावा, तिने बकटेल सावकाश बुडतं आणि वळवळतं. प्रवाह डावीकडून उजवीकडे असेल तर थोडं डावीकडे, वरच्या अंगाला फेका. बेल बंद करा, लाइन ताणलेली ठेवून मनात आकडे मोजा. तळाला टेकल्यावर लाइन क्षणभर सैल पडते, तो आकडा लक्षात ठेवा. समजा आठ आला, तर पुढच्या फेकीला सातवर गुंडाळायला लागा. हँडल सावकाश, सेकंदाला जेमतेम एक फेरा, आणि मधूनमधून मनगटाने छोटीशी उचल. बकटेल तळाच्या फूटभर वरून, प्रवाहाबरोबर कमानीत वाहत आलं पाहिजे. दहा फेकीत एकदाही तळ लागला नाही तर अर्धा औंस वाढवा. दर फेकीला वाळूत खणत येत असेल तर अर्धा कमी करा. बहुतेक वेळा मासा कमान संपता संपता घेतो, जिथे ल्युअर वळून वर उठतं. तिथे घाईने गुंडाळून टाकणं ही नवख्यांची सगळ्यात महाग चूक.

दुसरं, रबरी मासा: पाच-सहा इंचांचा, शेपटीला वल्ह्यासारखं पान असलेला, एक औंसाच्या जिगच्या, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळाच्या, डोक्यावर. तो गळावर सरळ चढला पाहिजे. आधी गळ रबराशेजारी धरून तो कुठे बाहेर येईल तिथे नखाने खूण करा आणि मगच टोचा. वाकडा चढला तर पाण्यात गोल फिरतो आणि लाइनला पीळ पडतो. पहिली फेक पायाशीच टाकून बघा, शेपटी थरथरली पाहिजे, अंग फिरता कामा नये.

तिसरं, पोहणारा प्लास्टिकचा मासा, म्हणजे मिनो. डायवाचा सहा इंची एसपी मिनो किंवा बॉम्बर लाँग ए. हे रात्रीचं आणि उथळ पाण्याचं ल्युअर. नुसतं सावकाश गुंडाळायचं, रॉडच्या टोकाला हलकी थरथर जाणवत राहील इतपतच. थरथर थांबली म्हणजे गळाला शेवाळ लागलंय, काढून पुन्हा फेका. रात्री काळा रंग चालतो हे ऐकून आश्चर्य वाटतं, पण मासा खालून बघतो आणि आकाशाच्या मंद उजेडावर काळी आकृतीच सगळ्यात ठळक दिसते.

चौथं, पेन्सिल पॉपर, दोन औंसाचं. पहाटेच्या पहिल्या उजेडात पाण्यावर फेसाळ रेघ काढत आणायचं. रॉडचा बुंधा दोन मांड्यांत धरा, एक हात रीलच्या वर रॉडवर, दुसऱ्याने हळू गुंडाळत वरच्या हाताने टोक सतत हलवा. मासा पाणी उडवून आपटतो आणि पुष्कळदा चुकतो. त्या क्षणी रॉड खेचला तर ल्युअर त्याच्या तोंडापासून दूर जातं. तसंच हलवत राहा, वजन जाणवेपर्यंत.

पाचवं धातूचं: एव्हीए किंवा डायमंड जिग, मागे हिरवी रबरी नळी. शरदात किनाऱ्याला सँड ईल नावाचे बारीक, लांबट मासे येतात, त्यांची ही नक्कल. वाऱ्याविरुद्ध दूर जातं. तळाला टेकू द्या आणि मध्यम वेगाने गुंडाळा, बाकी काही करायला लागत नाही.

मिनो आणि पॉपरला कारखान्यातून तीन काट्यांचे गळ येतात. गळाच्या टोकाशी जो बारीक उलटा काटा असतो तो पकडीने दाबून सपाट करा, आणि जमलं तर मागचा तिहेरी गळ काढून एकेरी लावा. मासा पटकन सुटतो, आणि तुमचा हातही.

चारा वापरणार असाल तर

बंकर, म्हणजे मेनहेडन, हा तारलीच्या कुळातला तेलकट मासा स्ट्रायपरचं आवडतं खाणं. त्याचे काप, क्लॅम (शिंपल्यातलं मांस) किंवा, वसंताच्या सुरुवातीला, ब्लडवर्म नावाचे समुद्री किडे वापरतात. मुख्य लाइनवर सरकतं शिसं, त्याखाली स्विव्हल, मग दोन-अडीच फुटांचा लीडर आणि ८/० आकाराचा सर्कल गळ, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ. वाळूत रुतून बसावं म्हणून शिसं पिरॅमिड आकाराचं, तीन-चार औंसाचं. असा जड भार असेल तर फेक आस्ते, हळुवार उंच कमानीत टाका. नैसर्गिक चाऱ्यासोबत स्ट्रायपरसाठी सर्कल गळ हा नियमच आहे. झटका द्यायचा नाही. मासा ओढत निघाला की फक्त गुंडाळायला लागा, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. जुन्या सवयीने हिसका दिला तर तोंडातून मोकळाच बाहेर येतो.

पाणी कधी, कुठे

गावाकडे खाडीकाठी वाढलेल्याला उधाण आणि भांग सांगावे लागत नाहीत. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जोरात वाहतं, अष्टमीच्या आसपास सुस्त. स्ट्रायपरला वाहतं पाणी हवं. भरती किंवा ओहोटी यापेक्षा पाणी हलतंय की थांबलंय हे बघा. इनलेटच्या, म्हणजे समुद्रातून खाडीत जाणाऱ्या अरुंद वाटेच्या, तोंडाशी, पुलाखाली, खाडी समुद्राला मिळते तिथे ओहोटीचे मधले तास बहुतेकदा चांगले जातात, कारण खाडीतलं बारीक खाणं पाण्याबरोबर बाहेर वाहतं.

मोकळ्या किनाऱ्यावर आधी ओहोटीला, रॉड न घेता जा. लाटा जिथे पांढऱ्या फुटतात तिथे वाळूचा उंचवटा आहे. जिथे पाणी काळपट आणि सपाट, तिथे खोल. दोन उंचवट्यांमधली खाच फोटो काढून ठेवा, पहाटे तिथेच उभं राहायचं. नवखे सगळी ताकद लांब फेकण्यात घालवतात आणि मासा पुष्कळदा पहिल्या लाटेच्या मागे, वीस-तीस यार्डांवर असतो.

रॅरिटन बेचं उथळ, चिखलाचं पाणी आधी तापतं म्हणून हंगाम तिथे आधी सुरू होतो, मार्च-एप्रिलमध्ये. मे महिन्यात बंकरच्या मागे मोठे मासे सँडी हूक आणि समुद्राकडच्या किनाऱ्याला येतात. भर उन्हाळ्यात न्यू यॉर्कमधलं माँटॉक, मॅसॅच्युसेट्समधलं केप कॉड आणि त्याच्याही उत्तरेला. केप कॉड कालव्यात प्रवाह फार जोराचा, तिथे वर सांगितलेला रॉड अपुरा पडतो. सप्टेंबरात किनाऱ्याने मलेट, म्हणजे आपली बोय, सरकू लागते आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत न्यू जर्सीतल्या आयलंड बीच स्टेट पार्क, लाँग बीच आयलंड इथला हंगाम पुन्हा भरात येतो.

नियम

१९८० च्या दशकात हा मासा संपायच्या बेताला आला होता. १९८४ मध्ये संघीय कायदा झाला, काही राज्यांनी मासेमारी पूर्ण बंद केली, तेव्हा तो परत आला. आता पुन्हा चेसापीकमध्ये पिल्लांची संख्या वर्षानुवर्षं कमी भरतेय, म्हणून २०२३ पासून समुद्राकडे दिवसाला एकच मासा, तोही २८ ते ३१ इंचांमधला, ठेवता येतो. लहान आणि मोठे दोन्ही सोडायचे. मोठा मासा म्हणजे बहुधा अंड्यांनी भरणारी मादी, तिला सोडणं हेच शहाणपण. लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीची पाती एकत्र दाबून त्यांच्या टोकापर्यंत मोजायची. किनाऱ्यापासून तीन मैलांपलीकडे संघीय पाण्यात स्ट्रायपर धरायला बंदी आहे. मासा ओढायला गॅफ, म्हणजे लांब दांड्याचा आकडा, वापरायला परवानगी नाही. नद्या आणि खाड्यांचे बंद महिने वेगळे असतात, नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात राज्याच्या मत्स्य विभागाचं पान उघडून बघा. न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमध्ये खाऱ्या पाण्यासाठी मोफत नोंदणी करावी लागते, मॅसॅच्युसेट्समध्ये शुल्काचा परवाना. मासा घरी नेऊन खाणार असाल तर पीसीबी (कारखान्यांतून आलेली विषारी रसायनं) आणि पाऱ्यामुळे किती खावा याचा राज्याचा सल्लाही वाचा, घरात लहान मुलं किंवा गर्भवती असेल तर नक्कीच.

मासा हाती आल्यावर

ल्युअरचा गळ या माशाला बहुधा तोंडाच्या कडेलाच लागतो, आणि त्याचे दात नुसते खरखरीत असतात. खालचा ओठ अंगठ्याने धरता येतो. पण पाठीचे काटे आणि गालाची झापड खरोखर कापतात. आणि एक गोष्ट पक्की करून घ्या: हाती आलेला मासा स्ट्रायपरच आहे, ब्लूफिश नाही. ब्लूफिश त्याच पाण्यात, त्याच ल्युअरला येतो आणि बोटाचा तुकडा पाडू शकतो. त्याला फक्त लांब पकडीने हाताळायचं.

सोडायचा मासा वाळूवर ओढू नका, त्याच्या अंगावरचा चिकट थर निघून जातो. ओल्या हाताने, पोटाखाली दुसरा हात देऊन आडवा धरा. मोठा मासा फक्त जबड्याने उभा लोंबवला की आतली इंद्रियं आणि जबडा दोन्हीला इजा होते. फोटोसाठी श्वास रोखून धरा, तुम्हाला श्वास लागला की त्यालाही लागलाय. पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून शेपटी धरून ठेवा, स्वतः झटका देऊन निघेपर्यंत. मत्स्य व्यवस्थापनाच्या हिशेबात सोडलेल्यांपैकी ९ टक्के मरतात असं धरलं जातं, आणि पाणी ७० अंश फॅरेनहाइटच्या वर गेलं की प्रमाण वाढतं. भर ऑगस्टच्या दुपारी न जाणं हीच त्यावर खरी उपाययोजना.

पाण्यात उतरताना वेडर्सवर, म्हणजे छातीपर्यंतच्या जलरोधक पोशाखावर, कमरेचा पट्टा घट्ट बांधा, पडलात तर आत पाणी भरण्याचा वेग त्याने कमी होतो. जेटीचे, म्हणजे समुद्रात शिरलेल्या दगडी बांधाचे, शेवाळलेले काळे खडक साध्या बुटाने चढू नका, तळाला लोखंडी खिळे असलेले बूट हवेत. डोक्याला दिवा, खिशात पकड, अंगावर फुगणारं लाइफ जॅकेट. पहिल्या रात्री एकटं जायचं नाही.

घरी आल्यावर ड्रॅगची चकती घट्ट करा आणि रील नळाच्या हलक्या धारेखाली धुवा. जोराच्या फवाऱ्याने मीठ आतच ढकललं जातं. कोरडं पुसून ड्रॅग पुन्हा सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या दाबून चिकटतात. ल्युअर गोड्या पाण्यात बुडवून वर्तमानपत्रावर वाळवा. शेवटी लीडरवरून बोटं फिरवा. कुठे खरखर लागली तर तेवढा भाग कापून गाठ नव्याने बांधा, उद्या पहाटे ते आठवणार नाही.